आंबलेला खड्डा

कवठे महांकाळहून ढालगावकडे जाताना माळावर एक वस्ती होती. तिथं एक शेतकरी राहत होता. त्याच्या वडलांच्या काळी त्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. पुढं म्हैसाळ योजनेचं पाणी आलं. पंपांनी एकेक टप्पा वर चढत कृष्णा त्या माळापर्यंत पोचली. शेतकऱ्यानं दोन एकर द्राक्षबाग लावली. कडेला बेदाण्याचं शेड उभं केलं. गोठा बांधला आणि गोठ्यामागं गोबर गॅसची टाकी बसवली. जमिनीत पुरलेली, विटांची, वरून घुमटासारखी बंद. वस्तीवर तिला सगळे खड्डाच म्हणायचे.

घरात माणसं पाच. शेतकरी, त्याची बायको, दोन मुलगे आणि थोरली सून. दावणीला दोन गाई, एक म्हैस, एक खोंड. आणि एक सालगडी.

शेतकरी हिशोबाचा पक्का होता. रोज रात्री जेवण झालं की वही काढायचा. थोरल्यानं डेअरीला किती लिटर दूध घातलं, धाकट्यानं शेडमध्ये किती क्रेट चढवले, बायकोनं बागेच्या किती ओळी उरकून घेतल्या, सगळं ज्याच्या त्याच्या नावापुढं लिहायचा. सालगड्याच्या नावापुढं काय लिहावं ते मात्र त्याला सुचायचं नाही. कारण गडी कधी काही आणायचा नाही. तो न्यायचा.

पहाटे उठून गडी गोठ्यातलं शेण उचलायचा. गव्हाणीतली उष्टी वैरण काढायचा. दुधाचे कॅन घासून उन्हात पालथे घालायचा. वाटेवर पडलेले रिकामे क्रेट उचलून एकावर एक रचायचा. शेडमध्ये जाळ्यांखाली गळलेले सडके मणी झाडून न्यायचा. मोरीचं पाणी तुंबलं की कुदळीनं चर काढून द्यायचा. हे सगळं लोक उठायच्या आत व्हायचं. त्यामुळं वस्तीवर कुणाला वाटायचं, गोठा आपोआपच कोरडा असतो.

मग तो खड्ड्याकडं वळायचा. 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी कुंडीत घालून दोन्ही हातांनी कालवायचा. काडी लागली, काढून टाकली. दगड लागला, काढून टाकला. गाठ लागली, बोटांनी फोडली. काला सरसरीत झाला की कुंडीचा बोळा उपटायचा. काला गुडगुडत आत जायचा आणि पलीकडच्या तोंडातून तेवढीच जुनी स्लरी वर यायची. ती पाटीनं उपसून तो वेलींच्या बुडात नेऊन टाकायचा.

तिकडं घरात सून शेगडीचा कॉक फिरवून काडी लावायची. निळी ज्योत लागायची. सकाळचा चहा, दोन वेळच्या भाकरी, रात्रीचं दूध, सगळं तिच्यावर.

एका वर्षी फाल्गुन सरत आला होता. पाडवा आठ-दहा दिवसांवर होता. घड गोडीला भरले होते. उद्या-परवा तोड धरायची, असं ठरलं होतं. त्या संध्याकाळी दंडोबाच्या बाजूनं आभाळ काळं होत आलं आणि अर्ध्या तासात गारांनी बाग झोडपून काढली. सकाळी व्यापारी आला. बांधावरूनच परत गेला. तडकलेले मणी बेदाण्यालाही चालत नव्हते, जाळीवर पसरले की बुरशी धरत होते. शेतकऱ्यानं घड तोडून शेडपुढं ढीग घातला.

धाकट्यानं ढिगातली एक पाटी भरली आणि गाईपुढं ओतायला निघाला. गडी धावत आला. त्यानं पाटीलाच हात घातला.

"एवढी नगं. ओंजळभर घाल. पोट आंबलं तर गाय उठायची न्हाई."

शेतकरीही म्हणाला, "खरं हाय. जनावराला गोड मापात घालावं. आमचा बा सांगायचा."

गाईला ओंजळभर मिळालं. पाटी परत ढिगावर गेली.

त्याच दिवशी नुकसान कळलं म्हणून पुण्याहून मेहुणा भेटायला आला होता. ढीग बघून तो म्हणाला, "दाजी, हे फेकू नका. गॅसच्या टाकीत घाला. आमच्याकडं आनंद कर्व्यांच्या आरती या संस्थेनं गच्चीवर मावेल एवढी टाकी काढली. शेण नाही, घरातलं उरलंसुरलं पिठूळ आणि गोडधोड घालायचं. शेणाच्या मानानं चिमूटभर माल, आणि गॅस भरपूर. 2006 मध्ये त्याला इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला."

मेहुणा खोटं बोलत नव्हता. त्या टाकीत रोज किती घालायचं, तेवढं त्यानं सांगितलं नाही, आणि शेतकऱ्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यानं शेणकाल्याबरोबर एक पाटी द्राक्षं तुडवून आत सोडली. त्याच्या दुसऱ्या सकाळी ज्योत वीतभर उठली. सून दचकून मागं सरली. शेतकरी खूश झाला. त्यानं मनात हिशोब मांडला. एका पाटीला एवढं, तर दहा पाट्यांना किती?

गडी म्हणाला, "मालक, जरा दमानं घ्या."

"तू तुझी स्लरी उपस," शेतकरी म्हणाला.

पाडवा उजाडला. गुढी उभारली. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. गडी आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर येऊन बसला. शेतकऱ्यानं वही उघडली. वर्षभराची पानं चाळली. गड्याच्या नावापुढं काहीच नव्हतं.

"यंदा बागंचं असं झालं," शेतकरी म्हणाला. "खड्ड्यात आता शेण कालवायचं न्हाई, द्राक्षं घालायची. ती मी घालीन. बाकी काय, शेण उचलायचं. ते कुणीबी उचलंल. यंदा गडी परवडत न्हाई."

गड्यानं राहिलेला हिशोब घेतला. टॉवेल खांद्यावर टाकला आणि ओढा ओलांडून गेला. ओढ्यापलीकडं एक म्हातारी राहायची. तिचाही गोबर गॅस होता, शेतकऱ्याच्या आधीचा. तिनं गड्याला पाणी दिलं, चहा दिला आणि चहा संपायच्या आत साल ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून खड्ड्यात शेण पडायचं बंद झालं. रोज दहा पाट्या द्राक्षं पडू लागली. पहिले दोन दिवस पलीकडच्या तोंडाशी स्लरी काठोकाठ वर आली. आत गॅस साठला की तो स्लरीला वर ढकलतो, हे शेतकऱ्याला ठाऊक होतं. तो मुलांना बोलावून दाखवू लागला. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला. चौथ्या दिवशी सुनेनं काडी ओढली. ज्योत शेगडीपासून सुटून वर उचलली गेली आणि विझली. तिनं दुसरी काडी ओढली. तीही विझली. नळीतून फुस्स आवाज येत होता, पण पेटत काही नव्हतं.

"मामा, गॅस येतोय. पर जळत न्हाई," ती सासऱ्याला म्हणाली.

"टाकी तर तुडुंब हाय. तुलाच पेटवता येत न्हाई," मामा म्हणाले.

मग सासूनं काडी ओढून बघितली. मग थोरल्यानं. मग खुद्द मामांनी. काड्यांची पेटी संपली.

मिस्त्री आला. त्यानं नळी सोडली, साचलेलं पाणी काढलं, शेगडीची भोकं तारेनं साफ केली, पैसे घेतले. ज्योत लागली नाही. मिस्त्रीला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला नळी बघायला बोलावलं होतं, त्यानं नळी बघितली.

मग एका दुकानदारानं सांगितलं, "आत काम करणारे जंतू कमी पडलेत. वाढवा." त्यानं पाकिटं दिली. गुळाच्या पाण्यात कालवून ती आत सोडायची होती. शेतकऱ्यानं पाकिटं सोडली आणि हात आखडता नको म्हणून गूळही दुप्पट घातला. दोन दिवसांनी वास इतका सुटला की म्हैस त्या बाजूला तोंड करून उभी राहीना.

इकडं घरातही काहीतरी बिनसत चाललं होतं. थोरला नेहमीसारखा वेळेवर धार काढत होता. दूध तेवढंच होतं. पण कॅन घासायचे राहून जायचे, आणि एका सकाळी डेअरीवरून सगळं दूध परत आलं. नासकं म्हणून. धाकटा वाचलेल्या बागेतला माल शेडमध्ये चढवत होता, पण रिकामे क्रेट वाटेतच पडायचे. एक दिवस ट्रॅक्टर वळायला जागा उरली नाही आणि भरलेली ट्रॉली उन्हात उभी राहिली. बायको बाया घेऊन बागेत जायची, पण मोरीचं पाणी वाटेवर येऊन चिखल झाला होता, त्यात एक बाई घसरली आणि बाकीच्या यायच्या बंद झाल्या. ज्यानं त्यानं आपापलं काम चोख केलं होतं. वहीत तसं लिहिलेलंही होतं. तरी रोज संध्याकाळी भांडण व्हायचं. थोरला म्हणायचा, धाकट्याचे क्रेट. धाकटा म्हणायचा, आईची मोरी. आई म्हणायची, थोरल्याचे कॅन.

सून चुलीपुढं बसून छाटणीच्या काटक्या फुंकत होती. डोळे पुसत ती म्हणाली, "मामा, पलीकडच्या आज्जींना विचारा. त्यांचा गॅस बंद पडलेला कधी ऐकला न्हाई."

शेतकऱ्याला ते आधीच सुचलं होतं. पण पलीकडं गडी होता. म्हणून तो दोन दिवस थांबला. तिसऱ्या दिवशी ओढा ओलांडून गेला.

म्हातारी काठी टेकत आली. तिनं खड्ड्याभोवती एक फेरी मारली. वाकून वास घेतला.

"काय घातलंस?"

"द्राक्षं."

"किती?"

शेतकऱ्यानं सांगितलं. म्हातारी काही बोलली नाही. तेवढ्यात धाकटा पुढं झाला. "आज्जी, मी झाकण काढून आत उतरून बघतो." म्हातारीनं काठीच उगारली. "खबरदार! असल्या बंद खड्ड्यात उतरलेला माणूस जिता वर येत न्हाई." मग तिनं त्यालाच मास्तरांना बोलवायला पिटाळलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, विज्ञान शिकवायचे. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहायचे.

मास्तर येताना जुन्या पेटीतली लिटमस कागदाची पुडी घेऊन आले. पलीकडच्या तोंडाशी वाकून त्यांनी निळ्या कागदाची पट्टी स्लरीत बुडवली. वर काढली. पट्टी लाल झाली होती. डाळिंबाच्या दाण्यासारखी नव्हे, मळकट, पण लाल.

"आंबलाय," मास्तर म्हणाले.

"ते नाकालाबी कळतंय," म्हातारी म्हणाली. "का आंबला ते सांगा त्याला."

मास्तर कुंडीच्या काठावर बसले. घरातले सगळे भोवती उभे राहिले.

"या खड्ड्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव आहेत," मास्तर म्हणाले. "एकाच जातीचे नाहीत. काही जण वैरणीचे, शेणाचे, फळांचे मोठे कण फोडतात. काही जण त्यातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. आणखी काही त्या आम्लाचं साधं आम्ल करतात, व्हिनेगरमध्ये असतं तसलं. हे सगळं करताना हायड्रोजन नावाचा वायूही सुटतो. आणि सगळ्यात शेवटी थोडेच जण असतात, जे ते आम्ल आणि तो हायड्रोजन खाऊन टाकतात. त्यातून मिथेन होतो. तुमच्या शेगडीत जळतो तो मिथेन."

"मग मी काय वाईट केलं? खायलाच घातलं की."

"साखर खाणारे तासातासाला वाढतात. शेवटच्यांना एकाचे दोन व्हायला कित्येक दिवस लागतात. तुम्ही एकदम दहा पाट्या ओतल्या. साखर खाणाऱ्यांची चंगळ झाली. त्यांनी आम्ल करून ठेवलं, ते शेवटच्यांना उरकेना. आणि आंबट वाढलं की सगळ्यात आधी तेच शेवटचे गळाठतात. ते गळाठले की आम्ल आणखी साठतं. असा तो फेरा आहे."

"मग टाकी तुडुंब कशानं?"

"कार्बन डायऑक्साइडनं. चांगल्या खड्ड्याच्या गॅसमध्ये शंभरात साठेक भाग मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक हा. आता हाच फार झालाय. हा जळत नाही. जळतं ते विझवतो."

शेतकरी विचारात पडला. मग म्हणाला, "मास्तर, शेवटचे गळाठले, कबूल. पण पहिले तर जोरात असतील? त्यांना तर पाकिटंबी घातली."

"तीच तर गंमत आहे," मास्तर म्हणाले. त्यांना आता वर्गात उभं राहिल्यासारखं चढलं होतं. "शास्त्रज्ञांनी एक जंतू कित्येक वर्षं बाटलीत सांभाळला होता. तो अल्कोहोल खातो आणि मिथेन करतो, अशी त्याची ख्याती. 1967 मध्ये अमेरिकेत मार्विन ब्रायंट आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिलं की तो एक नाहीच. दोघं आहेत. एक अल्कोहोल खाऊन हायड्रोजन सोडतो, दुसरा तो हायड्रोजन उचलून मिथेन करतो. मग त्यांनी पहिल्याला एकटा ठेवला. पुढ्यात खायला होतं. तरी त्याची वाढ खुंटली. का? त्यानंच सोडलेला हायड्रोजन त्याच्याभोवती साठला. तो उचलून नेणारा कुणी नव्हता."

थोरला धाकट्याकडं बघू लागला. धाकटा पायाजवळच्या क्रेटकडं.

"हे शेवटचे असतात तरी कोण?" सुनेनं विचारलं.

"फार वर्षं लोक त्यांना जिवाणूच समजायचे. 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या दोघांनी सांगितलं की यांचं कूळच वेगळं आहे. आर्किया म्हणतात. पण त्यांना शोधायला लांब जायला नको. तुमच्या गाईच्या पोटात ते आहेत. शेणातून रोज बाहेर येतात. म्हणून शेणाच्या खड्ड्याला पाकीट लागत नाही. तुम्ही शेण बंद केलं, म्हणजे त्यांची रोजची आवकही बंद केली. हा खड्डा म्हणजे विटांनी बांधलेलं गाईचं पोट आहे."

शेतकऱ्यानं गोठ्याकडं बघितलं. गाय रवंथ करत बसली होती. तिला ओंजळभरच घालायची, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बालाही ठाऊक होतं.

"आता काय करायचं?"

हे मास्तरांपेक्षा म्हातारीला जास्त ठाऊक होतं. "पहिलं, काही घालायचं न्हाई. दाणा न्हाई. गूळ न्हाई. दुसरं, आंबलेलं निम्मं-पाऊण हाताला लागंल तेवढं उपसून उकिरड्यावर टाक, बागंत न्हाई. तिसरं, चुन्याची निवळी. थोडी थोडी, कागद बघत. चौथं, माझ्या खड्ड्यातली ताजी स्लरी. चार बॅरल देते. आणि पाचवं, गप बसायचं."

"ते शेवटचं किती दिवस?"

"ते खड्ड्याला विचार."

दुपारी गडी बैलगाडीवर चार बॅरल लादून ओढ्यातून आला. शेतकऱ्याशी तो फार बोलला नाही. बॅरल उतरवले, बादलीनं स्लरी कुंडीत सोडली, बांबूनं ढवळली. वाटेत क्रेट आडवे होते. ते त्यानं उचलून रचले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

शेतकरी म्हातारीला बाजूला घेऊन म्हणाला, "काकी, स्लरीबरोबर गडीबी परत द्या की."

"स्लरी माझ्याकडं उद्या परत तयार होईल," म्हातारी म्हणाली. "म्हणून दिली. गडी एकच हाय. त्याचं साल माझ्याशी ठरलंय. आता पुढच्या पाडव्याला बघ."

आठ दिवस गेले. काही झालं नाही. शेतकरी रोज शेगडीचा कॉक फिरवायचा, काडी ओढायचा, फुस्स व्हायचं. नवव्या दिवशी तो पाटी घेऊन कुंडीकडं निघाला. थोडं तरी घालू, म्हणाला. सून उठून कुंडीच्या काठावर जाऊन बसली.

"मामा, धूर माझ्या डोळ्यांत जातोय. चुलीपुढं मी बसतीया. तरी मी सांगतीया, घालायचं न्हाई."

सून एवढं पहिल्यांदाच बोलली होती. शेतकरी पाटी घेऊन परत गेला.

रोज सकाळी ती मास्तरांची पट्टी बुडवायची. लाल. लाल. मग लाल, पण फिकी. मग एक दिवस पट्टी जांभळट राहिली, धड लाल नाही, धड निळी नाही. आंबूस वास बसला होता. म्हातारीनं निरोप दिला, आता शेण घाला, पण चार पाट्यांच्या जागी एक. आणि हातानं कालवून.

कोण कालवणार? सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. शेवटी शेतकऱ्यानं बाह्या वर केल्या. शेणात हात घातले. पहिल्या दिवशी त्याला एक फुटकं बटण, दोन खडे आणि पोत्याची सुतळी सापडली. त्यानं ती काठावर मांडून ठेवली आणि जरा वेळ बघत राहिला. हे रोज निघत असणार. गडी कधी बोलला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात ज्योत लागली. आधी फडफडती, मग टिकणारी, मग निळी. सुनेनं पहिला चहा केला आणि सासऱ्याला न विचारता दोन कप ओढ्यापलीकडं पाठवले.

खड्डा सुधारला तसं घर लगेच सुधारलं, असं काही झालं नाही. क्रेट उचलायचे कुणी यावरून आणखी भांडणं झाली. मग सुनेनंच पाळ्या लावल्या. थोरल्यानं कॅन घासायचे, पण क्रेटही बघायचे. धाकट्यानं मोरीचा चर काढायचा. बायकोनं गव्हाणी बघायच्या. शेतकऱ्यानं शेण. पाळ्या चुकायच्या, दूध आणखी एकदा परत आलं, तरी पुढं पुढं गाडं रुळलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी म्हातारी एकदा बसायला आली. रात्रीची वेळ होती. शेतकरी वही घेऊन बसला होता. तिनं वही मागून घेतली. तिला वाचता येत होतं. बोट फिरवत ती प्रत्येक पान बघत गेली. दूध. क्रेट. ओळी. मजुरी. माल. मग गेल्या वर्षीच्या पानांवर आली. तिथं गड्याच्या नावापुढं रिकामं होतं, पानामागून पान.

"हा काय करत होता, ते तुला लिहायला सुचलं न्हाई?"

"तो काही आणत नव्हता, काकी."

म्हातारीनं वही मिटली. "काम करणारे ढीगभर मिळतात रे. कामामागचा राडा उचलणारे चार असतात. ते गेले की ढिगातल्यांचंबी काम बंद पडतं."

शेतकऱ्यानं वही फळीवर ठेवली. त्यावर तो काही बोलला नाही.

पुढचा पाडवा आला. गुढी उभारायच्या आधीच शेतकरी ओढा ओलांडून गेला. गडी म्हातारीच्या कुंडीपाशी हात धूत होता. शेतकऱ्यानं विचारलं, "किती घेशील?"

गड्यानं आकडा सांगितला. गेल्या सालाच्या दीडपट होता. शेतकरी मान डोलवू लागला, पण गड्याचं संपलं नव्हतं.

"आणि कुंडीत काय पडायचं, किती पडायचं, ते मी सांगणार. पाव्हणा काय का म्हणंना."

"तू सांग."

"द्राक्षंबी चालतील. दिवसाला एक पाटी. शेणाबरोबर."

"चालंल."

म्हातारी ओट्यावरून हे सगळं ऐकत होती. तिनं काठी आपटली. "आणि माझ्याकडं कोण?"

शेतकऱ्यानं डोकं खाजवलं. मग ओढ्याच्या काठावर जाऊन वस्तीकडं तोंड करून त्यानं धाकट्याला हाक मारली. एक साल काकींच्या खड्ड्यावर काढायचं, म्हणाला, आणि येताना घरातला टॉवेल घेऊन ये.